बाईंचा घसा

मी शिकवायला लागले की छपराचे पत्रे हलतात, असं आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, सगळ्यांसमोर म्हणायच्या. उमरोळीकडची आमची शाळा लहान. पहिली आणि दुसरी एकाच खोलीत, आणि दोन्ही माझ्या गळ्यात. सगळी नोकरी मी त्या खोलीत ओरडून आणि गाऊन काढली.

गेल्या थंडीत आवाज बसला. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं. शेवटी बोईसरच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि म्हणाले, "गाठी आल्यात. महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. नाहीतर आवाज कायमचा जाईल."

डॉक्टरांचं हे बोलणं शाळेत मी कुणाला कळू दिलं नाही. रजेवर गेले तर माझ्या जागी येणार कोण? आणि खरं सांगायचं तर भीती वाटली. आवाज गेलेल्या बाईकडे उरतं काय? नुसती खुर्ची. सर्दीने घसा बसलाय असं सांगत मी कुजबुजत शिकवत राहिले.

त्याच आठवड्यात वरून ऑनलाइन प्रशिक्षण आलं, शिक्षकांनी ताणमुक्त कसं राहावं याचं. डोळे मिटून दीर्घ श्वास घ्या, आणि श्वास घेतानाचा फोटो आजच अपलोड करा. मला हसू फुटलं, हसता हसता ठसका लागला आणि बोलायला गेले तर तोंडातून नुसती हवा आली. मोठ्या बाई बघतच राहिल्या.

"काय लपवताय?" त्यांनी विचारलं. मी पाटीवर डॉक्टरांचं बोलणं लिहून दाखवलं आणि त्यांच्यासमोर रडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरीची पोरं व्हरांड्यात नेली आणि तिथेच खुर्ची टाकली. ऑफिसची कामं त्या शाळा सुटल्यावर करायच्या. पहिली माझ्याकडे राहिली, पण बिनबोलाची. खिचडी शिजवणाऱ्या ताईंचं माहेर सातपाटीचं, मासळी विकून कमावलेला आवाज. त्या दारातून गरजायच्या, "ए पोरांनो, गप बसा! बाईंचा घसा दुखतो हाय!" मग माझ्याकडे वळून म्हणायच्या, "तुमी तोंड उघडू नका, बाय. वरडायला आमी हाय."

सुरुवातीला मला रागच यायचा. आयुष्यभर दुसऱ्याला सांभाळलं, आता मलाच सांभाळताहेत. पण मी पोरांचे हात धरून अक्षरं गिरवून घेत राहिले. बोट दाखवायचं, मान हलवायची, टाळी वाजवायची. पोरंही हळूहळू कुजबुजत बोलायला लागली.

महिना सरला. डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली, पण आता ओरडणं नाही, गाणं तर नाहीच. सकाळी वर्गासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "पाट्या काढा." फाटका, परका आवाज आला. माझा मलाच ओळखू येईना. डोळे भरून आले.

पुढच्या रांगेतली पाड्यावरची पोर उठली, माझ्याजवळ आली आणि कुजबुजली, "बाई, तुमी नका बोलू. आमाला समजतं."

आणि सगळ्यांनी पाट्या काढल्या.