गाळलेली ओळ

आमच्या ऑफिसात काका एका जागी बसलेले मी कधी पाहिले नाहीत. खुर्ची टोचते की काय, देव जाणे. वय जेमतेम पंचेचाळीस, पण नव्या माणसाला पहिले तीन दिवस हाताला धरून चालवायचे, म्हणून काका.

आमची वेबसाइट म्हणजे एक प्रोग्रॅम नव्हे, नऊ छोटे प्रोग्रॅम मिळून ती चालते. कामाला हात घालायचा तर आधी ते नऊच्या नऊ आपल्या लॅपटॉपवर सुरू व्हायला हवेत. त्यातला एक सरळ वागेल तर शपथ! कुणाला जुनंच व्हर्जन लागतं, कुणी दुसरा उठल्याशिवाय उठत नाही. त्यांचे सगळे नखरे फक्त काकांना पाठ. माझंही मशीन त्यांनीच लावून दिलं, वर चार शब्द सुनावले ते वेगळेच.

यंदा मॅनेजरबाईंनी फर्मान काढलं. डोक्यातलं सगळं एका स्क्रिप्टमध्ये उतरवा, एक कमांड दिली की सगळं उभं राहिलं पाहिजे. काका महिनाभर खपले आणि त्या महिन्यात पार सैरभैर झाले. पाणी भरायला उठायचे नि बाटली रिकामीच घेऊन परत यायचे. एकदा मला म्हणाले, हे चाललं की मला इथे कुत्रं विचारणार नाही. मी म्हटलं, काहीतरीच काय. पण ते खोटं नव्हतं.

सोमवारी नवी मुलगी आली. पहिलीच नोकरी. तिने कमांड दिली. आठ प्रोग्रॅम उठले, लॉगिनचा पडला. पुन्हा दिली, पुन्हा पडला. काका तिच्या खुर्चीमागून येरझाऱ्या घालत होते. ती कसली विचारते! सगळ्यांचं चालतं, माझंच अडतं, म्हणजे मीच मठ्ठ, असं तिने मनाशी धरलं. मी विचारलं तर म्हणाली, होतंय, होतंय.

बुधवारी दुपारी काका आणि मी जिना चढत होतो. वरच्या पायऱ्यांवर बसून ती फोनवर आईला सांगत होती की हे काम माझ्याच्याने होणार नाही, उद्या राजीनामा देते. काका जागच्या जागी थांबले. मग दोन पायऱ्या चढून तिच्यापाशी गेले.

"तुझं काही चुकलेलं नाही. डेटाबेस पूर्ण उठेपर्यंत लॉगिनला थांबवून ठेवणारी एक ओळ स्क्रिप्टमध्ये लागते. ती मी मुद्दाम गाळली."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तिने मात्र शांतपणे विचारलं, का?

"तू मला हाक मारावीस म्हणून."

"काका, तीन दिवस माझ्या घशाखाली घास उतरलेला नाही."

फोन चालूच होता. तिने तो पुन्हा कानाला लावला.

"आई, ऐकलंस ना? माझं चुकलं नव्हतं."

आणि मग ती रडायला लागली.