इस्खारचे लोकरी मोजे

फेब्रुवारी लागला की इस्खारच्या घरात झोपायच्या जागांची फेरवाटणी होते. चुलीच्या धुरावर खालून तापणारा विटांचा ऐसपैस ओटा, म्हणजे कांग, एरवी त्याचा आणि त्याच्या बायकोचा, हाव्वाचा. पण थंडी ओसरायला लागली की त्यावर मिरचीची रोपं येतात. सायीचे रिकामे डबे, कापलेली दुधाची खोकी, एक बिनदांड्याची किटली, जे हाताला लागेल त्यात माती, आणि मातीत मिरचीचं बी. उबदार मधला भाग रोपांचा. नवरा-बायकोने कडेला अंग चोरून पडायचं. हाव्वा म्हणते, "आमच्याकडे कूस बदलायची तर आधी किटलीची परवानगी घ्यावी लागते."

तोकमोक शहराजवळच्या त्यांच्या गावात मिरची सगळेच लावतात. लसूण घालून गरम तेलात चरचरवलेली मिरची वर पडल्याशिवाय तिथे कुणाच्या घशाखाली शेवया उतरत नाहीत. पण रोपं बाहेर वाफ्यात कधी लावायची, हे मात्र सगळी गल्ली इस्खारकडे बघून ठरवते. त्याच्या वडिलांची एक रीत होती, ती त्याने चालवली आहे. वाफ्यात अनवाणी उभं राहायचं आणि वाडगाभर गरम चहा सावकाश प्यायचा. चहा संपेपर्यंत पाय ठणकले नाहीत, तर जमीन तयार. ठणकले, तर मुकाट्याने घरात जायचं आणि रोपांशेजारी अंग चोरायचं.

एका वर्षी वसंताचं डोकं ठिकाणावर नव्हतं. सकाळी घाम फुटावा असं ऊन, दुपारी डोंगरावरून कान कापणारा वारा, संध्याकाळी गारा, आणि दुसऱ्या दिवशी आकाश असं निळंभोर, जणू काही झालंच नाही! इस्खार सकाळी डबे अंगणात मांडायचा, दुपारी आत आणायचा, पुन्हा बाहेर न्यायचा. जेवताना एक घास घेऊन खिडकीशी जायचा. नमाजाहून परतताना अर्ध्या वाटेत थांबून ढगांकडे असा बघायचा, की मागून येणाऱ्यांची रांग तुंबायची. पलीकडच्या घरातला हूसेइ भिंतीवरून ओरडायचा, "इस्खारभाऊ, तुमची मिरची माझ्या पोरांपेक्षा जास्त फिरते की हो!"

"फिरू दे. तुझ्या पोरांपेक्षा शहाणी आहे ती."

मे महिना लागला तरी रोपं कांगावरच होती, चांगली वीतभर झालेली, आणि तेवढ्यात निरोप आला की हाव्वाची थोरली बहीण, जेयनाप, नदीपलीकडून येते आहे. जेयनापताई म्हणजे साधी पाहुणी नव्हे. लग्नात इस्खारला बघून "जावई बारीक आहे, पण बसेल" असं भर मांडवात म्हणणारी बाई.

"अहो, परवापर्यंत कांग रिकामा हवा," हाव्वा म्हणाली.

"अगं, जमीन अजून गार आहे."

"मग ताईला वाफ्यात झोपवू का?"

इस्खार वाडगा घेऊन बाहेर गेला. पाय ठेवला मात्र, गारठा थेट गुडघ्यापर्यंत चढला. दोन घोटांत तो बाहेर आला. अंगणात दोन फेऱ्या मारल्या, आकाशाकडे बघितलं, स्वयंपाकघरातून येणाऱ्या भांड्यांच्या आवाजाचा अंदाज घेतला. मग आत जाऊन पायात जाडजूड लोकरी मोजे चढवून आला आणि पुन्हा वाफ्यात उभा राहिला. वडिलांनी अनवाणी म्हटलं होतं खरं, पण वडिलांना मेव्हणी नव्हती, असं त्याने स्वतःला समजावलं. वाडगा तळापर्यंत संपला. पाय काही बोलले नाहीत.

भिंतीपलीकडून हूसेइने हे सगळं पाहिलं. म्हणजे कमरेच्या वरचं पाहिलं. भिंत तेवढीच उंच आहे.

त्या दिवशी इस्खारने रोपं लावली, आणि मान वर करून बघतो तर हूसेइही लावतो आहे. संध्याकाळपर्यंत गल्लीभर वाकलेल्या पाठीच पाठी. मोज्यांचं सांगून टाकावं म्हणून इस्खार भिंतीपर्यंत गेला. "काय भाऊ?" हूसेइने विचारलं. "काही नाही, पाणी बेताने घाल," म्हणाला आणि परत आला.

जेयनापताई आल्या. हाव्वाने जेवण असं मांडलं की टेबलावर चहाचा वाडगा ठेवायला जागा उरली नाही. ताई निवांत जेवणाऱ्या. पाहुण्याने हात आवरल्याशिवाय यजमानाने उठायचं नाही हा रिवाज. आणि बाहेर वारा फिरला होता. इस्खार एकदा व्हिनेगर आणायला उठला, एकदा चहा तापवायला, एकदा कोंबड्या बघायला.

"हाव्वा, तुझ्या नवऱ्याला मुंग्या चावतायत का गं?" ताईंनी मांसाचा तुकडा निवडत विचारलं.

तेवढ्यात खिडकीबाहेर पांढरं काहीतरी तरंगत खाली आलं. हाव्वा म्हणाली, "सफरचंदाचा मोहोर गळतोय." इस्खारला ठाऊक होतं की सफरचंदाचं झाड घराच्या दुसऱ्या बाजूला आहे. तो उठला तो थेट वाफ्यातच पोचला. भर दुपारी जड, ओला बर्फ पडत होता, आणि रोपांनी आत्ताच माना टाकायला सुरुवात केली होती.

भिंतीवर हूसेइचं डोकं उगवलं. "भाऊ, हे काय? तुमचे पाय काय म्हणाले होते?"

इस्खारने इकडे तिकडे पाहिलं. मग एक पाय उचलून भिंतीवर ठेवला, मोज्यासकट.

हूसेइने मोजा चिमटीत धरून पाहिला. "लोकरीचा?"

"लोकरीचा."

"अहो, मग तुमच्या भरवशावर अख्खी गल्ली..."

"भांडण नंतर!" मागून आवाज आला. जेयनापताई दारात उभ्या होत्या, बाह्या वर सारून. "लोणच्याच्या बरण्या किती आहेत घरात? काढा सगळ्या. आणि तू रे भिंतीवरच्या, गल्लीत ओरडत जा, जे मिळेल ते रोपांवर पालथं घाला म्हणावं!"

तीन लिटरच्या काचेच्या बरण्या माळ्यावरून, तळघरातून निघाल्या. ज्यांत अजून टोमॅटो होते त्या जेवणाच्या पातेल्यांत रिकाम्या झाल्या. रोपागणिक बरणी, बरण्या संपल्यावर बादल्या, डबे, शेवटी ती बिनदांड्याची किटली. तरी गारठा वाढतच होता. ताई आत गेल्या आणि कांगाच्या टोकाला छतापर्यंत रचलेल्या पाहुण्यांच्या रेशमी रजयांना हात घातला. हाव्वाच्या लग्नातल्या रजया त्या. आजवर नुसत्या दाखवायच्या.

"ताई, त्या नको गं!"

"कुणासाठी ठेवल्यात? पाहुण्यासाठी ना? मग पाहुणी सांगते आहे."

बर्फातल्या वाफ्यावर किरमिजी, मोरपंखी, सोनेरी फुलांच्या रजया पसरल्या. उरलेल्या दोन रजया ताईंनी भिंतीवरून हूसेइकडे फेकल्या आणि स्वतः रिकाम्या कांगावर कोट पांघरून आडव्या झाल्या. "मला कसली रजई? खालून भट्टी पेटलीय."

सकाळी ऊन पडलं, उद्धटासारखं. इस्खारने रजई बाजूला सारून एक बरणी उचलली. आतून वाफ आली आणि वाफेत हिरवं रोप, ताठ. दुसरं ताठ. किटलीखालचं गेलं होतं. भिंतीपलीकडे मात्र हूसेइची एक अख्खी ओळ काळी पडली होती. इस्खारने खुरपं घेतलं, स्वतःची एक ओळ मुळाच्या मातीसकट उकरली आणि भिंतीवरून एकेक रोप त्याच्या हातात देत गेला.

"मोजे कुठायत?" रोप घेता घेता हूसेइने विचारलं.

"हाव्वाने चुलीत घातले."

तेव्हापासून दर वसंतात इस्खार वाडगा घेऊन वाफ्यात उतरला की भिंतीवर नुसती डोकी दिसत नाहीत. माणसं पोटावर ओणवी होऊन, पार खाली वाकून बघतात, आणि त्याने चहाचा पहिला घोट घेण्याआधीच कुणीतरी ओरडतं, "आधी पाय दाखवा!"

इस्खार बोटं हलवून दाखवतो. मग चहा पितो, डोंगराकडे बघतो, आणि कितीही ऊन असलं तरी बरण्या माळ्यावरून खाली काढून ठेवतो.