आधीचं एक वाक्य

"थांबा, आधी यांचं म्हणणं मी मांडतो. चुकलं तर यांनीच सांगावं."

असं म्हणून वकीलसाहेब चष्मा काढायचे, रुमालाने सावकाश पुसायचे आणि आमच्या अँकरचा जीव खालीवर व्हायचा. नाशिकच्या एका केबल वाहिनीवर मी चर्चेचा कार्यक्रम सांभाळतो. सांभाळतो म्हणजे पाहुणे गोळा करतो, कुणाला कुणाच्या शेजारी बसवलं की भांडण पेटेल ते ठरवतो, आणि कार्यक्रम संपला की त्यातले तुकडे कापून मोबाइलवर सोडतो. तुम्ही हे तुकडे रोज बघता. जेवताना बघता, पुढे पाठवता, आणि वर म्हणता की चर्चेचा दर्जा फार घसरला. खरं आहे. घसरवायचा पगार मला मिळतो.

वकीलसाहेब एका छोट्या पक्षाचे जिल्हा प्रवक्ते होते. मूळचे चांदवडकडचे. धाकटा भाऊ गावी कांदा पिकवायचा, हे इथे दिवाणी कोर्टात. केस काळेभोर रंगवलेले, खिशात कंगवा. कॅमेरावाल्याला बजावायचे, "उजवीकडून घ्या. डावीकडून मी निकाल लागायच्या आधीच हरलेला दिसतो."

मी एकदा त्यांना म्हटलं, "साहेब, समोरच्याची बाजू तुम्ही कशाला मांडता? तो आलाय ना त्यासाठी."

"त्याला कुठे येते नीट मांडता? आणि पडक्या भिंतीला धक्का देऊन मी पैलवान कसा ठरेन? कोर्टात असं केलं तर न्यायाधीश हसतात."

"इथे कोण न्यायाधीश आहे?"

"प्रेक्षक आहेत की."

प्रेक्षकांवर इतका विश्वास असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

बाकीचे पाहुणे तुम्हाला माहीतच आहेत. पक्षाच्या मुंबई ऑफिसातून मोबाइलवर आलेले मुद्दे जिन्यात वाचायचे, आत येऊन नरडं ताणायचं, आणि संपलं की एकाच गाडीतून कॉलेज रोडला चहाला जायचं. सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते तर आधी मला फोन करायचे. "वकील येणारेत का? मग मी काही वाचून येत नाही. आमची बाजू तेच बरी मांडतात." एकदा ते लग्नातून थेट आले, अंगावर अक्षता घेऊन.

कांद्याची निर्यात बंद झाली त्या दिवशी दोघं शेजारी बसले होते. वकीलसाहेबांनी चष्मा पुसला. "यांचं म्हणणं असं आहे. शहरातल्या बाईला कांदा चिरताना भावाची धास्ती वाटू नये. त्यासाठी शेतकऱ्याला कमी भाव मिळाला, तर तो त्याने सोसला पाहिजे. तोही याच देशात राहतो. बरोबर?"

"अगदी बरोबर मांडलंत," प्रवक्ते म्हणाले.

"आता माझं. हे सोसणं कांदा पिकवणाऱ्याच्याच वाट्याला का? भाव पडतो तेव्हा शहर त्याच्यासाठी काय सोसतं?" पुढेही ते चांगलं बोलले, पण अँकरने मध्येच जाहिरात घेतली.

मी तुकडा कापला तो 'शहरातल्या बाईला'पासून 'याच देशात राहतो'पर्यंत. 'यांचं म्हणणं असं आहे' हे शब्द मला ऐकू आले होते. ते मी काढून टाकले. वर लाल अक्षरात लिहिलं, 'चांदवडच्या नेत्याचाच शेतकऱ्यावर घाव'.

दुसऱ्या दिवशी तो तुकडा जिल्हाभर फिरला. फोटोच्या जागी गुलाबाचं फूल लावलेल्या सज्जनांनी विचारलं, किती खोके घेतले? देवाचा फोटो लावलेल्यांनी त्यांच्या आईचा उद्धार केला. 'अगदी बरोबर मांडलंत' म्हणणाऱ्या प्रवक्त्यांनीही तो पुढे पाठवला, वर लिहून, 'बघा, आता हेही मान्य करतात'. मी त्यांना विचारलं तर म्हणाले, "अहो, सगळीकडे गेलंच आहे. मी एकट्याने नाही म्हणून काय होणार?"

पक्षाने वकीलसाहेबांकडे खुलासा मागितला. त्यांनी घरी बसून खुलाशाचा व्हिडिओ केला, आणि त्यातही आधी शिव्या देणाऱ्यांची बाजू मांडली. 'मी शेतकऱ्याचा विश्वासघात केला असं यांचं म्हणणं आहे, आणि तसं वाटणं स्वाभाविक आहे.' त्याचाही कुणीतरी तुकडा केला. तो मी केला नव्हता. तोवर ते काम करणारे पुष्कळ झाले होते. पक्षाने त्यांचं पद काढून घेतलं.

मग एका दुपारी ते ऑफिसात आले. केसांना रंग नव्हता. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

"आधी तुमची बाजू मांडतो," म्हणाले. "मालक रोज आकडे विचारतात. अख्खी चर्चा कुणी बघत नाही. जे लक्ष वेधेल ते तुम्ही उचललं. माझं वाईट व्हावं असं तुमच्या मनात नव्हतं. बरोबर?"

"बरोबर," मी म्हणालो.

त्यांनी समोरच्याची बाजू चुकीची मांडली, असं मी तेवढं एकदाच पाहिलं. माझ्या मनात होतं. मालक म्हणत होते, हा माणूस कार्यक्रम झोपवतो. मलाही वकीलसाहेब नकोसे झाले होते आणि नको म्हणायची हिंमत नव्हती. ते आपणहून यायचे थांबतील असं काहीतरी मला हवं होतं. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही.

"आता माझं," ते म्हणाले. "माफी वगैरे नको. आधीचं ते एक वाक्य जोडा आणि पुन्हा सोडा. भाऊ बाजारात ट्रॅक्टर घेऊन गेला तर लोक व्यापाऱ्याला सांगत होते, याला कमी भाव द्या, याच्या घरात चालतं. तो माझ्याशी बोलत नाही. त्याला दाखवण्यापुरतं तरी."

"बघतो साहेब. उद्याच करतो."

वाक्य जोडायला चहा पिण्याइतका वेळ लागला असता. पण मूळ तुकडा अजून धावत होता आणि मालक खूश होते. वकीलसाहेबांचे फोन आले. "झालं का?" "जरा लोड आहे साहेब." नंतर फोन येईनासे झाले. आमच्याकडे जुनं रेकॉर्डिंग ठेवत नाहीत, जागा पुरत नाही. त्या दिवशीची चर्चाही पुसली गेली. पुसायची तारीख मला माहीत होती आणि मी ती जाऊ दिली.

यंदा वकीलसाहेब गेले. मालक म्हणाले, "आपले नेहमीचे पाहुणे. श्रद्धांजलीचं काहीतरी चालवा." त्यांच्या नावाने शोधलं तर आमच्याकडे तेवढा एकच तुकडा निघाला. मी लाल अक्षरं काढली, आवाज बंद केला, खाली बासरी लावली. फोनवरून सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते म्हणाले, 'एक अभ्यासू व्यक्तिमत्त्व हरपलं'.

ते चालू असतानाच चांदवडहून फोन आला. आवाज मी ओळखत नव्हतो.

"मी त्यांचा भाऊ बोलतोय. दारात माणसं बसलीयेत, मोबाइलवर तुमचं ते लागलंय. काढा ते."

"दादा, आवाज बंद केलाय त्याचा."

"आवाज कशाला पायजे?" तो म्हणाला. "इथं समद्यांना पाठ हाय ते."