भाषणातला देवराव

देवराव गेल्याचा त्याच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी मालेगावच्या स्टँडवर होतो. गावात पोहोचेपर्यंत पारापाशी फ्लेक्स लागला होता. लष्करी टोपीतला त्याचा जुना फोटो आणि खाली ओळ... ‘एकट्याने शत्रूची चौकी जिंकणारा वाघ’. ती ओळ माझी आहे. मी गावातच मास्तर होतो. दर सव्वीस जानेवारीला देवरावला शाल-श्रीफळ द्यायचं आणि त्याच्या पराक्रमाचं भाषण मी करायचं, असा रिवाजच पडला होता. लढाईबद्दल तो स्वतः काही बोलत नसे, म्हणून चौकी मी रचली. पोरं टाळ्या वाजवत आणि दरवर्षी माझी चौकी आणखी उंच डोंगरावर जाई.

आम्ही एका वर्गातले. एका वर्षी झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी तो घरी आला. मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होतो, तोही सोलायला बसला. ओंजळभर दाणे सोलून झाल्यावर म्हणाला, यंदा मले उभं नको करू. मी चेष्टेने विचारलं, काहून, शाली ठेवायले जागा नाही राह्यली काय? तो हसला नाही.

“चौकी-गिवकी काही नव्हती, गड्या. तिकडचा एकच होता, पोरगंच. त्यानं हात वर केले होते. म्या पाह्यलं... तरी गोयी घातली.”

हातातली शेंग तशीच धरून त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला पुढे बोलायचं होतं, हे मला तेव्हाही कळलं होतं. पण मी म्हणालो, लढाईत असं होतंच, पोरांले कायले सांगायचं ते? त्याने पुढ्यातल्या शेंगा सोलून संपवल्या आणि उठून गेला. दुसऱ्या दिवशी मी तेच भाषण केलं. तो शेजारी मान खाली घालून उभा होता. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही.

शोकसभेतही मी तेच बोललो. आवाजसुद्धा भरून आला माझा... त्यानंतर मात्र झोप लागेना. शेवटी मागच्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो आणि त्याच्या बायकोला, कमलवहिनींना, सगळं सांगितलं. त्या गहू निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. हे तुमाले कवाचं ठाऊक होतं, एवढंच त्यांनी विचारलं. मी नोकरीत होतो तेव्हापासून, असं सांगितलं.

“पेन्शनीत आल्यापासून ते माह्यासंगं खोलीत झोपले नाही, भाऊजी. थंडीतबी बाज ओसरीवर. मले वाटे, माहाच वीट आला त्याईले. म्या कधी इचारलं नाही...” मग सूप पुन्हा उचलत म्हणाल्या, “तुमी सांगतलं असतं त म्याबी माही बाज बाहेर टाकली असती.”

मी चपला घालून निघालो.

परवा सकाळी त्यांच्या घरावरून गेलो. ओसरीवर दोन बाजा एकमेकींना लागून होत्या. एकीवर गोधडी घडी घालून ठेवलेली, दुसरीवरची अजून विस्कटलेली.