रेडिओच्या खोक्यातला अ‍ॅम्प

कपिलधारच्या यात्रेसाठी आम्ही भजनांची कॅसेट काढत होतो. भजनात इलेक्ट्रिक गिटार कशाला, असं कुणीही विचारलं असतं. पण बीडमध्ये आमच्या ओळखीत गिटार माझ्या एकट्याकडे होती आणि ती कुठेतरी घुसवल्याशिवाय मला चैन पडत नव्हतं.

बाजारपेठेत रेडिओ दुरुस्त करणारे एक मामा होते. नात्यातले नव्हेत, सगळी पेठच त्यांना मामा म्हणायची. रंगीत टीव्ही आणि स्वस्त टेपरेकॉर्डर आल्यापासून त्यांच्याकडे फारसं कुणी फिरकत नव्हतं. मी गिटारचा आवाज मोठा करायला अ‍ॅम्प हवा म्हटलं आणि माणसाला नवा हुरूप आला. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओचं लाकडी खोकं घेऊन, दोन महिने खपून, त्यात त्यांनी अ‍ॅम्प बसवला. पहिल्यांदा तार छेडली तेव्हा शेजारचा शिंपी मशीन सोडून बघायला आला. "पुण्या-मुंबईला बी असा आवाज न्हाई," मामा म्हणाले, आणि पुढे आठवडाभर भेटेल त्याला हेच सांगत राहिले.

रेकॉर्डिंग होतं माझ्या मित्राच्या डीटीपीच्या दुकानात. एरवी तिथे लग्नपत्रिका तयार व्हायच्या. त्याने पुण्याहून एक सीडी आणली होती. ती कॉम्प्युटरवर चढवली की पडद्यावर अ‍ॅम्पचं चित्र यायचं, बटणांसकट. गिटारची वायर थेट कॉम्प्युटरला जोडायची, माउसने चित्रातली बटणं फिरवायची, की आवाज बदलायचा. घरघर नाही, व्होल्टेज पडलं म्हणून आवाज रडका होणं नाही. मी पाच मिनिटांत विरघळलो. मामांचा अ‍ॅम्प शेजारच्या स्टुलावर दिवा लावून नुसता ठेवला, कारण ते येणार होते.

आणि ते आले. कपाळाला भस्म, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. मी वाजवत होतो, आवाज कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून येत होता.

"माझ्यातूनच चाललंय नव्हं?" त्यांनी विचारलं.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "हो मामा, तुमच्या अ‍ॅम्पमधूनच आत जातंय."

ते खूश झाले. वाकून त्यांनी आवाजाचं बटण जरा पिळलं. आवाज कशाला वाढतोय! मी मित्राला डोळ्याने खुणावलं आणि त्याने माउसने तो वाढवला. मामा हसले. त्यांनी दुसरं बटण फिरवलं, आम्ही आवाज धारदार केला. मित्र तोंडात रुमाल कोंबून हसत होता. सांगायला लाज वाटते, पण हसू मलाही येत होतं.

मग मामांनी उजव्या टोकाचं मोठं बटण सावकाश फिरवलं. मित्राने आवाज असा घुमवला, जसा गाभाऱ्यात घुमतो.

मामांचा हात बटणावरच राहिला.

"ह्ये बटन कशालाच जोडलेलं न्हाई," ते म्हणाले. "जुन्या रेडिओचं टेशन लावायचं हाय ते. खोक्याला भोक दिसू नये म्हून तसंच ठिवलं."

मी तारांवर तळवा दाबला.

"असं कावून केलंस?" त्यांनी विचारलं. रागाने नाही, खरंच कळत नसल्यासारखं. "तुझा आवाज लई चांगला लागलाय. सांगायचं व्हतं की. मी काय म्हनलो असतो?"

काहीच म्हणाले नसते. ते मला आधीपासून ठाऊक होतं, म्हणून तर आजही मान खाली जाते.

मित्राने सारवासारव करायला पडद्यावर कॅसेटचं कव्हर उघडलं. "मामा, हे बघा, 'ध्वनी'पुढे तुमचंच नाव टाकलंय."

मामांनी चष्मा सारखा करून स्वतःचं नाव नीट वाचलं. बराच वेळ वाचलं.

"काढ ते," ते म्हणाले. "देवाच्या दारात जानार हाय. खोटं नगं."

अ‍ॅम्पचा दिवा बंद करून ते निघून गेले. मित्राने नाव पुसलं. 'ध्वनी'पुढची जागा मोकळी झाली.

"आता हितं काय टाकू बे?" त्याने विचारलं.

मी त्याच्याकडे न बघता म्हणालो, "माझं टाक."