बापूची चाकं

सायकलवाल्यांची एक गंमत असते. किलोमीटर मोजायला मोबाईलमध्ये ॲप असतं, किस्से मोजायला काही नसतं. ते साचत राहतात. आमच्या ग्रुपमध्ये तिघंच जण. रविवारी सकाळी केडगावहून निघायचं आणि चहाच्या टपरीवर थांबायचं, एवढाच कार्यक्रम. पण गेल्या वर्षभरात मी स्वस्तातली कार्बनची चाकं घेतली आणि त्यावरून जे काही झालं, ते सांगायला बसलो की लोक आधी हसतात. मग गप्प होतात.

*

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. ग्रुपमध्ये कायम शेवटचा! पहिले कुलकर्णी काका. वय चौसष्ट, बँकेतून रिटायर, जुनी लोखंडी सायकल. दुसरा बापू. हिवरे बाजारच्या बाजूला त्याचं दूध संकलन केंद्र आहे. रोज चाळीस चाळीस लिटरचे कॅन उचलणारा माणूस, त्याला चढ काय आणि उतार काय.

चढावर दोघं वर जाऊन माझी वाट बघायचे. काका एकदा म्हणाले, “सर, घाई करू नका. आमचा पेपर वाचून व्हायचाय.”

त्याच दिवशी मी परदेशी साइटवर सगळ्यात स्वस्त कार्बन चाकांची ऑर्डर टाकली. फॉर्ममध्ये चालवणाऱ्याचं वजन विचारलं होतं. माझ्या ब्याण्णव किलोला ती चाकं चालणार नव्हती. मी चौऱ्याहत्तर लिहिलं. लग्नात होतं तेवढं!

*

पार्सल आलं. बायकोनं एका हातानं चाक उचललं, खालीवर करून पाहिलं.

“खरंच हलकं आहे हो,” ती म्हणाली. “पण वर बसणार तुम्हीच ना?”

*

केडगावच्या मेकॅनिकनं चाकावर टिचकी मारली. “सर, हे तर प्लॅस्टिक हाय!”

मी म्हटलं, “कार्बन फायबर आहे.” मग त्याला धागे, रेझिन, ताकद आणि वजनाचं गुणोत्तर, सगळं दहा मिनिटं समजावलं. मास्तरला खोड असतेच. तो बिचारा हातातला पाना खाली ठेवून ऐकत होता.

“आलं लक्षात,” शेवटी म्हणाला. “म्हंजे महाग प्लॅस्टिक.”

*

या चाकांची कड बोटभर नाही, चांगली पंजाभर उंच असते. त्यामुळं पळताना घूंऽऽ असा भारी आवाज येतो. पहिल्या रविवारी मी जीव तोडून सायकल मारली. आवाज ऐकून मलाच वाटलं की आज काही खरं नाही!

काका वर थांबले होते. म्हणाले, “सर, तुमचा आवाज मघाशीच पोचला. तुम्ही आत्ता येताय.”

*

उंच कडेत वारा भरतो, हे मला माहीत होतं. फळ्यावर माहीत होतं. सुप्याच्या बाजूला, जिथं पवनचक्क्या उभ्या केल्यात, तिथं आडवा वारा आला आणि मी सायकलसकट रस्ता सोडून थेट कांद्याच्या रानात!

खुरपणारी बाई उठून ओरडली, “ओ दादा, कांद्यात नका पडू! पलीकडं पडा की!”

*

इथपर्यंत सगळे हसतात. मीही हसायचो.

एका रविवारी टपरीवर बापूनं विचारलं, “सर, खरं सांगा. फरक पडला का चाकांनी?”

फरक काही पडला नव्हता. मी तेवढाच मागं राहत होतो. पण काका समोर बसले होते, बिस्कीट चहात बुडवून माझ्याकडं बघत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, “पंधरा टक्के.”

“पंधरा!” बापू म्हणाला. “तुमी फिजिक्सचे. तुमी म्हंता म्हंजे खरंच असनार.”

त्यानं संध्याकाळी तीच चाकं मागवली. मी त्याला थांबवू शकलो असतो. नुसता एक फोन. नाही केला.

*

माझ्या खोक्यात कार्बनसाठीचे वेगळे ब्रेकचे रबर आले होते. बापूच्या खोक्यात ती पुडीच नव्हती. त्यानं मला फोन केला.

“जुनेच लावू का, सर? का थांबू?”

मी पेपर तपासत होतो. म्हटलं, “बापू, घर्षण म्हणजे घर्षण. लावा जुनेच.”

*

आम्ही करंजी घाटातून पाथर्डीच्या बाजूला उतरत होतो. बापू पुढं, मी मागं, काका त्या दिवशी लग्नाला गेले होते. घाटभर बापू ब्रेक दाबत उतरत होता, कारण पुढं ऊसतोड कामगारांनी भरलेला ट्रॅक्टर होता. तिसऱ्या वळणावर गोळी सुटल्यासारखा आवाज झाला. जुन्या रबराच्या घासण्यानं चाकाची कड तापून मऊ पडली होती, ट्यूब फुटली आणि बापू कठड्यावर जाऊन आदळला.

मी पळत गेलो. चाक बाजूला करायला हात लावला तर बोट भाजलं.

ट्रॅक्टरवरची माणसं उतरली, त्यांनीच मागून येणारी जीप अडवली. बापूला जीपमध्ये आडवं झोपवलं. त्याचा उजवा खांदा भलतीकडंच लोंबत होता. तो शुद्धीवर होता. माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाला, “सर, रबर जुनं हुतं ना. चुकलंच माझं.”

मी काही बोललो नाही. अख्खी जीप ऐकत होती, आणि मी काही बोललो नाही.

*

त्याला भेटायला जायला मला तीन आठवडे लागले. रस्ताभर एकच वाक्य घोकत गेलो होतो, ‘पंधरा टक्के खोटं होतं.’

बापू ओसरीवर बसला होता. खांद्यात प्लेट, हात गळ्यात. डॉक्टरांनी सांगितलं होतं की सायकल बंद, आणि उजव्या हातानं कॅन पुन्हा उचलता येईल का ते आत्ताच सांगता येत नाही. अंगणात वहिनी एकट्या कॅन ओढत टेम्पोकडं नेत होत्या. मला पाहून थांबल्या, पदर सारखा केला, चहा आणून ठेवला आणि परत कॅनकडं गेल्या.

मी म्हटलं, “बापू, मला तुम्हाला एक सांगायचंय...”

“आधी ह्ये बघा, सर.” त्यानं डाव्या हातानं मोबाईल पुढं केला. “पुतन्यानं चाकाचे फोटो कंपनीला पाठवले हुते. माफी मागत्यात. नवीन जोडी फुकट देतो म्हंत्यात, ह्याच्यापेक्षा भारीतली. फकस्त पत्ता कळवा म्हंत्यात. मला आता काय उपेग? म्हटलं सरांना इचारू. कुनाचा पत्ता देऊ?”

अंगणात कॅन फरशीवर घासत होता.

चहावर साय धरली होती.

“माझाच द्या,” मी म्हणालो.

बापूनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग मोबाईल मांडीवर ठेवून डाव्या अंगठ्यानं एकेक अक्षर दाबायला लागला.

“पिनकोड सांगा, सर.”