ठणठणीत म्हणायचं कुणी?

आमच्या गावात पोराची तब्येत ही झाकून ठेवायची वस्तू होती. कुणी परक्या माणसानं ‘काय रे, कसा आहेस?’ विचारलं की आधी खोकायचं, नाहीतर पोट धरायचं, आणि ‘बरं नाही’ म्हणायचं. बरा आहे म्हटलं की संपलं, लागलीच दृष्ट! हे शिक्षण आम्हाला बाराखडीच्या आधी मिळालेलं. माझ्या बाबतीत तर आईनं जास्तच बंदोबस्त केला होता. माझ्याआधीची तिची दोन बाळं गेलेली. म्हणून माझं नाव उकिरड्यावर टाकण्याच्या लायकीचं ठेवलं, नाक टोचलं, आणि मिसरूड फुटायला आलं तरी माझ्या गालावर काजळाचा ठिपका होताच. ते नाव मी इथे सांगणार नाही. उगाच हसाल.

एकोणीसशे तीस उलटून गेलं होतं. नाटे गावाजवळ खाडीकाठी आमची शाळा, आणि मी सातवीत. त्या वर्षी शाळाशाळांचे आट्यापाट्यांचे सामने रत्नागिरीला भरणार होते आणि त्यात आमचाही संघ होता. सामन्यांचं सोडा, आगबोटीतून जायला मिळणार होतं! आमचे बाप त्याच बोटीनं मुंबईला जायचे, तिथून कुणी गिरणीत, कुणी जहाजावर. आम्ही आजवर नुसता तिचा धूर बघितला होता. मी तर जेवताना, पोहताना, गुरुजींचा मार खाताना, सदानकदा बोटीतच बसलेला असायचो.

तेवढ्यात सरकारी डॉक्टर आले. शाळेतल्या पोरांची प्रकृती कशी, सवयी कसल्या, हे विचारत ते गावोगाव फिरत होते. माणूस देशावरचा, बोलणं मऊ, पण शब्दाचा पक्का. आल्याआल्या त्यांनी गुरुजींना सांगितलं, “निरोगी मुलंच बोटीत बसतील. आजारी पोर पाठवून मी जबाबदारी घेणार नाही.”

मग एकेकाला पुढे बोलावलं. पहिला खोकला. दुसऱ्यानं पोट धरलं. आमच्या संघातला सगळ्यात दांडगा गडी, सकाळी पातेलंभर पेज रिचवणारा, तो म्हणाला, “अन्न जात नाय.” गलबत हाकणाऱ्या तांडेलाचा मुलगा, मुसलमान मोहल्ल्यातला, म्हणाला, “झोप लागत नाय.” त्यांच्यात नजर म्हणतात, आमच्यात दृष्ट, भीती एकच. मला काही सुचेना, मी म्हटलं, “चक्कर येते.” डॉक्टरांचा चेहरा पडत चालला. त्यांनी गुरुजींना विचारलं, “अहो, गावात साथबीथ आहे का? तुमची तरी तब्येत बरी ना?” गुरुजी आमच्याच गावचे. त्यांनी कंबर धरली!

आता सवयींची पाळी. “खाडीत पोहता का रे?” सगळे हात वर. “भरतीच्या वेळी?” हात वरच. “माडावर चढता?” चढतो. “तिथून पाण्यात उडी?” त्यालाही हात वर, आणि कुणाचा माड जास्त उंच यावरून मागे हमरीतुमरी. विडीचं विचारलं तेव्हा मात्र सगळे हात खाली. मग दांडगा गडी म्हणाला, “गुरुजींना पेटवून आणून देतो तेवढीच.” गुरुजी खिडकीबाहेर बघायला लागले.

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली आणि पोट धरधरून हसले. म्हणाले, “एक मूल धड नाही, आणि एक मूल घरात बसत नाही! तुमच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. उद्या सकाळी घरचं माणूस आणा. त्यानं माझ्यासमोर म्हणायचं, पोर ठणठणीत आहे. मग खुशाल जा.”

घरचं माणूस म्हणजे आईच, बाप सगळे लांब. आणि आई हे म्हणणार? मी घरी जाऊन सांगितलं तशी माझी आई चुलीपुढून ताडकन उठली. “माज्या तोंडानं? दोन गेली माजी! बोट गेली खड्ड्यात!” मी सरळ भोकाड पसरलं. तिनं ताट वाढलं, मी जेवलो नाही, तीही जेवली नाही.

सकाळी मात्र ती माझ्याबरोबर निघाली. शाळेच्या पडवीत सगळ्या आया जमलेल्या. पुढे कुणी होईना. “तू हो गो बाय.” “मी नाय, तू मोठी, तू हो.” तांडेलाची बायको पदर तोंडावर घेऊन उभी. डॉक्टर थांबले, थांबले, शेवटी त्यांनी पेटी बंद केली आणि वहाणा पायात घातल्या. गेली बोट!

तेव्हा आई पुढे झाली. माझं मनगट तिनं इतकं आवळलं होतं की हाताला मुंग्या आल्या. पहिल्यांदा नुसता वारा आला तोंडातून. मग म्हणाली, “ठणठणीत हाय माजा पोर. काय एक झालेलं नाय त्याला.”

डॉक्टर म्हणाले, “झालं तर मग.”

पण तिचं झालं नव्हतं. “घास टाकीत नाय. रातभर असा घोरतो की कौलं हलतात. धावाय लागला की मी पानी भरायची थांबून बघत ऱ्हाते. दात बघा त्याचे, एक किडका नाय. खांदे बापासारखे झालेत. हसला की घर भरतं.”

मी चाट पडलो. जन्मभर मी तिच्या तोंडून ‘मेल्या’, ‘काळतोंड्या’, ‘कसा रे तू असा’ एवढंच ऐकलेलं. मला खरंच वाटायचं, हिला आपल्यात बरं काही दिसतच नाही. अहो, ती इतकी वर्षं सगळं बघत होती! मला रडू आलं आणि हसूही, आणि दोन्ही लपवता येईना.

मग बाकीच्या आयांचा बांध फुटला. तांडेलाच्या बायकोनं तर आपल्या मुलाला सर्वांसमोर दंड फुगवून दाखवायला लावलं. आम्ही सगळे बोटीतून गेलो, पहिल्याच सामन्यात सडकून हरलो, ते जाऊ द्या. मला आठवते ती पडवी. डॉक्टरांनी हसत दोन्ही हात जोडले होते, “पुरे माउली, कळलं मला. मुलगा जाईल.”

आई म्हणाली, “थांबा. अजून हाय.”